मॅडमनी जुळवलेला कॉम्प्युटर

मॅडमच्या घरात शिरायचं तर आधी खिडकीच्या गजाला हात लावावा लागायचा. दूधवाला असो, गॅसवाला असो, नाहीतर आमचे मुख्याध्यापक असोत. मॅडम आतूनच ओरडायच्या, "गजाले हात लाव, मंग अंदर ये!"

अंगातली वीज लोखंडात उतरवल्याशिवाय कॉम्प्युटरच्या भागांना शिवू नये, असं त्यांनी एका हिंदी व्हिडिओत ऐकलं होतं. पुढे कॉम्प्युटर जोडून झाला, त्याचं झाकणही बंद झालं, तरी हा नियम काही उठला नाही. एकदा त्यांच्याकडे भिशी होती. अंगणात बायांची रांग लागली होती आणि एकेक जण पदर सावरत, गजाला हात लावून आत जात होती. एका म्हातारीने तर हात लावून वर नमस्कारही केला.

मॅडम बुलढाणा जिल्ह्यात मोताळ्याच्या आमच्या शाळेत क्रीडाशिक्षिका होत्या. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या. गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी असायची, लग्नाकार्यातही तीच. बसणं त्यांना मुळातच मान्य नव्हतं. मधल्या सुट्टीत सगळे शिक्षक स्टाफरूममध्ये जेवत, आणि या हातात डबा धरून व्हरांड्यात येरझारा घालत पोळी खात. मंचावर उभ्या राहिल्या की अगदी छापील मराठी बोलायच्या. मैदानात उतरल्या की ते मराठी पायरीवरच राहायचं. आमच्याकडे बायाही 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. मॅडम बोलायला लागल्या की त्या 'करतो'त असा जोर असायचा की ते काम आता होणारच, असं ऐकणाऱ्याला वाटायचं.

त्या शाळेत रुजू झाल्या तेव्हा मी आठवीत होते. माझा डावा पाय जन्मापासून आखूड. आधीच्या सरांनी मला खेळाच्या तासाला लिंबाखाली बसायची मुभा देऊन टाकली होती. मॅडमनी पहिल्याच दिवशी मला पाहिलं आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काऊन वं बसली?"

"पाय, मॅडम."

त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. "पाय बसला. बाकीची तू काऊन बसली?"

आजवर कोणी हा प्रश्नच विचारला नव्हता. पायाचं नाव काढलं की लोक गप्प व्हायचे, आवाज मऊ करायचे. मॅडमचा आवाज तसूभर मऊ झाला नाही. त्या दिवसापासून मी खो-खोच्या सामन्यात उभी राहून गुण सांगायला लागले.

मग त्यांनी एकदा सगळ्या मुलींची चाचणी घेतली. फूटपट्टी वर धरायची, अचानक सोडायची, आणि समोरचीने ती दोन बोटांत पकडायची. ज्या मुलीचा हात चपळ, तिच्या चिमटीतून पट्टी कमी घसरते. बहुतेकींची पट्टी पार शेवटापर्यंत घसरायची, दोघी-तिघींची तर जमिनीवरच पडली. माझ्या चिमटीत ती सुटल्या सुटल्याच अडकली.

"अजून एकदा," मॅडम म्हणाल्या.

पुन्हा तेच. त्यांनी मला बोलण्यात गुंतवून पट्टी सोडून पाहिली, डाव्या हाताने करायला लावून पाहिलं. शेवटी शिट्टी दातात धरून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारातूनच त्यांनी विचारलं, "तू हातानं काय करतं वं घरी?"

माझ्या मैत्रिणीनेच उठून सांगून टाकलं. मलकापूरला माझ्या मामाचं झेरॉक्सचं दुकान होतं, तिथे एक जुना कॉम्प्युटर होता. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यावर मारामारीचा गेम खेळायचे. दोन पहिलवान समोरासमोर, बटणं दाबायची, वार करायचा, वार चुकवायचा. कॉलेजची पोरं झेरॉक्स काढायला यायची आणि माझ्याकडून हरून जायची.

मला वाटलं, आता रागावतील. मॅडम त्याच रविवारी मला घेऊन मलकापूरला मामाच्या दुकानात हजर! दिवसभर माझ्या मागे उभ्या राहून त्यांनी माझा खेळ पाहिला. गेममधलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं. त्या पडद्याकडे नाही, माझ्या बोटांकडे पाहत होत्या. मधूनच मामाचा कॉम्प्युटर अडकायचा, चित्र एका जागी थिजायचं, आणि ते हलेपर्यंत माझा पहिलवान मार खाऊन आडवा झालेला असायचा.

"हे काऊन अटकते?"

मामा म्हणाला, "मॅडम, हा झेरॉक्सच्या कामाचा कॉम्प्युटर हाये. गेमचा वेगळा असते. त्याचे एकेक पार्ट पाहून, जुळवून घ्या लागतात."

"मंग जुळवू," मॅडम म्हणाल्या.

या खेळाची राज्य पातळीवर स्पर्धा होते, तिच्या सुरुवातीच्या फेऱ्या घरूनच इंटरनेटवर खेळता येतात, हे त्यांनी आठवडाभरात शोधून काढलं. मुख्याध्यापकांकडे गेल्या. सर भले गृहस्थ, पण म्हणाले, "मॅडम, क्रीडा साहित्यात लेझीम बसते, डंबेल्स बसतात. गेमचा कॉम्प्युटर मी कोणत्या रकान्यात दाखवू?" मॅडमनी वाद घातला नाही. नव्या स्कूटीसाठी त्यांनी थोडे पैसे साठवले होते, ते त्यांनी या कामाकडे वळवले आणि आपली खडखडणारी जुनी लूना आणखी काही वर्षं हाकायचं ठरवलं.

खरी अडचण माझ्या आईची होती. आई ब्लाऊज शिवायची. मॅडम घरी आल्या, नेहमीप्रमाणे उभ्याच राहिल्या, आणि सगळं सांगितलं. आईने मशीन थांबवलं.

"एक विचारू का मॅडम? तुमी हिच्या पायाकडे पाहून दया करून राह्यले का?"

मॅडम हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत.

"दया? मी कोणावर दया केली, असं सांगणारं एक माणूस मोताळ्यात दाखव मले. पोरी माह्या नावानं रडतात, बाई. मी हिचा हात पाह्यला. असा हात माह्या सगळ्या नोकरीत पाह्यला नाई. तू मले फक्त हो म्हण, नाईतर नाई म्हण. पण दया म्हणू नोको."

आई थोडा वेळ सुईत दोरा ओवत राहिली. मग म्हणाली, "मी संगं बसत जाईन तिच्या. शिवण घेऊन."

मग मॅडमचा अभ्यास सुरू झाला. मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून डबा आणि फोन दोन्ही घेऊन त्या चालायच्या. फोनमधून कोणीतरी मोठ्याने हिंदीत मदरबोर्ड समजावून सांगत असायचा. पण नुसतं ऐकून त्यांना काही कळल्यासारखं वाटायचं नाही. त्यांना ते मैदानावर पाहावं लागायचं.

एका शनिवारी सकाळी त्यांनी फक्कीने मैदानावर मोठा चौकोन आखला. "हा मदरबोर्ड. सगळ्याइले याच्यातच उभं राहा लागते." खो-खोच्या पोरी रांगेत उभ्या केल्या. एकीला मध्ये उभं करून म्हणाल्या, "तू प्रोसेसर, हिशोब तू करतं." दोघी शेजारी, "तुमी रॅम, तिच्या हाताशी सामान ठेवता." आणि संघाची कॅप्टन, सगळ्यांत वेगात पळणारी, तिला टोकाला उभं केलं. "तू ग्राफिक्स कार्ड. चित्र तू काढतं." हिशोब म्हणजे पाढ्यातला एक प्रश्न. उत्तर आलं की चेंडू पुढे द्यायचा आणि कॅप्टनने तो पळत नेऊन डब्यात टाकायचा.

प्रोसेसर झालेल्या पोरीचे पाढे कच्चे निघाले. कॅप्टन कमरेवर हात ठेवून वाट पाहत उभी.

"पाह्यलं?" मॅडम ओरडल्या. "सगळ्यात महागाची पोरगी रिकामी उभी हाये. पैसे पाण्यात!"

मग पाढे पक्के असलेली प्रोसेसर केली आणि कॅप्टनच्या जागी एक अगदी निवांत पोरगी उभी केली. आता तिच्या पायाशी चेंडूंचा ढीग साचला. सगळ्या पोरी हसून लोळल्या. मॅडम मात्र गंभीर होत्या. त्यांना जे पाहायचं होतं ते दिसलं होतं, प्रोसेसर आणि कार्ड तोडीस तोड हवेत. तेवढ्यात मुख्याध्यापक बाहेर आले.

"मॅडम, हे काय चाललंय?"

"बजेट, सर," मॅडम म्हणाल्या.

खरेदीला आम्ही खामगावला गेलो. दुकानदार तरुण होता, बोलका होता. त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, "बजेट किती?"

"बजेट मी शेवटी सांगतो. आधी मले सांग, याच्यातलं कोणाचं कोणाशी पटत नाई?"

पोरगा इतका खुलला की काउंटरवरचं सगळं बाजूला सारून त्याने एकेक डबा मांडायला सुरुवात केली. हा प्रोसेसर या बोर्डाच्या खाचेत बसत नाही. ही रॅम नवी, तो बोर्ड जुना, दोघांची पिढी वेगळी. हे कार्ड लांब, ज्या पेटीत बसवायचं ते कॅबिनेट आखूड. मॅडम मान डोलवत होत्या. दोन घरांची सोयरीक जुळवताना बाया जितक्या बारकाईने ऐकतात, तितक्या बारकाईने.

"कॅबिनेट लाइटवालं घ्या मॅडम, पोरगी खुश होईन."

"पोरगी जिंकली की खुश होईन. साधं दे."

गोदामातून एका बाजूने पोचा आलेलं काळं कॅबिनेट निघालं, ते घेतलं. तिथे वाचलेले पैसे त्यांनी एसएमपीएसमध्ये घातले. एसएमपीएस म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. दुकानदाराचं मत होतं की त्यात काटकसर चालते, कार्ड भारी घ्यावं. मॅडमना ते पटेना. "उपाशी पोरीले मी मैदानात उतरवत नाई," एवढंच म्हणाल्या. कार्ड त्यांनी जुनं घ्यायचं ठरवलं. नांदुऱ्याला एकाने नवं घेतलं म्हणून जुनं विकायला काढलं होतं. त्याच्या घरी जाऊन मॅडमनी माझ्या आईच्या शिवणाच्या टेपने कार्डाची लांबी मोजली, मग त्याला सबंध दुपार गेम चालवायला लावला आणि मधून मधून कार्डाजवळ हात नेऊन ताप पाहिला. त्याच्या आईने आम्हाला दोनदा चहा दिला.

प्रोसेसरच्या बाबतीतही मॅडमनी दुकानदाराचं ऐकलं नाही. निवडलेल्या बोर्डावर दुकानदार जुन्या पिढीचा प्रोसेसर सुचवत होता. त्याच किमतीत नवा, जास्त वेगाचा मिळत होता. तो म्हणाला, "मॅडम, नव्यासाठी दुसरा बोर्ड येऊन राह्यला. आठ दिवस थांबा." स्पर्धेची नोंदणी तोंडावर आली होती. मॅडम म्हणाल्या, "खाचेत बसते ना? मंग दे."

जोडणी त्यांच्याच घरी झाली. मॅडमची बोटं खो-खोच्या खांबावर घासून घासून जाड झाली होती, बारीक वायरी त्यांच्याच्याने धरवेनात. त्या आईने लावल्या, हुक-काज करावं तशा. सगळं बसलं. मॅडमनी बटण दाबलं. पंखे फिरले, हिरवा दिवा लागला, आणि पडदा काळाच राहिला.

सगळं काढलं, पुन्हा लावलं. पडदा काळाच. मॅडमनी कॅबिनेटसमोर उभं राहून एकदा जोरात शिट्टी वाजवली. त्यानेही काही झालं नाही.

मॅडमच्या स्कूटीचे पैसे त्या काळ्या डब्यात गेले होते, आणि नोंदणी तर झालेली होती. मॅडमनी आईकडून वाकळ मागवली, कॅबिनेट त्यात गुंडाळलं, आणि आम्ही खामगावची एसटी धरली. कॅबिनेट त्यांच्या मांडीवर.

कंडक्टर म्हणाला, "मॅडम, याचं लगेज लागते."

"लेकरू हाये माह्यं. बिमार हाये, दवाखान्यात नेऊन राह्यलो."

कंडक्टर हसला. तिकीट मात्र त्याने फाडलंच. पुढे सगळ्या एसटीला ऐकू जाईल अशा आवाजात मॅडम मला म्हणाल्या, "चूक माह्यी हाये. त्यानं थांब म्हटलं होतं, मी घाई केली. तू जीव बारीक करू नोको. आपण काहाडतो मार्ग."

दुकानदाराने पाहताच ओळखलं. बोर्ड जुन्या साठ्यातला होता, नव्या प्रोसेसरला तो ओळखतच नव्हता. बोर्डाच्या आतली प्रणाली नवी करावी लागणार होती, पण त्यासाठी आधी त्याच्या ओळखीचा जुना प्रोसेसर बसवून तो चालू करायला हवा. तसा प्रोसेसर दुकानात शिल्लक नव्हता. मात्र एका तेलगिरणीच्या ऑफिसचा कॉम्प्युटर दुरुस्तीला आलेला होता, त्यात होता. दुकानदाराने गिरणीत फोन लावला. पलीकडचे मुनीम तयार होईनात. मॅडमनी फोन हातात घेतला.

"भाऊ, मी मोताळ्याची खेळाची मास्तरीण. माह्यी पोरगी स्पर्धेत उतरून राह्यली. तुमचा प्रोसेसर घडीभर द्या. मी इथंच उभी हाओ, तो परत बसल्याशिवाय दुकानातून हालत नाई."

मुनिमांनी हो म्हटलं.

जुना प्रोसेसर बसला आणि पडदा उजळला. दुकानदाराने नवी प्रणाली चढवायला सुरुवात केली आणि हात मागे घेतले. "आता मध्येच लाइट गेली, तर बोर्ड कायमचा गेला. माह्या इन्व्हर्टरचा काई भरोसा नाई."

पडद्यावर एक पांढरी पट्टी मुंगीच्या चालीने सरकत होती. नेमकी त्याच वेळी बाहेर रस्त्यावरून लग्नाची वरात निघाली. डीजेच्या दणक्याने दुकानाच्या काचा थरथरत होत्या. एक गिऱ्हाईक आत शिरायला लागलं, मॅडमनी दोन्ही हात पसरून त्याला दारातच अडवलं. शिट्टी दातात घट्ट धरलेली. डोक्यावरचा पंखा मंदावला, ट्यूबलाइट फडफडली. दुकानदाराने डोळेच मिटून घेतले. मी मॅडमकडे पाहिलं. मैदानावर शेवटच्या मिनिटाला त्या उभ्या राहायच्या तशाच उभ्या होत्या, गुडघे किंचित वाकवून. जणू वीज गेलीच तर झेप घेऊन पकडतील.

ट्यूबलाइट स्थिरावली. पट्टी टोकाला पोचली. कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झाला. मुनिमांचा प्रोसेसर काढून आमचा बसवला, आणि पडद्यावर त्याचं नाव उमटलं.

मॅडमनी अशी लांब शिट्टी वाजवली की वरातीतला नवरदेवसुद्धा घोड्यावरून वळून पाहायला लागला.

सरावाच्या दिवसांत मॅडमच्या घरी आई एका कोपऱ्यात काजं करत बसायची, मी खेळायचे, आणि मॅडम मागे उभ्या. खेळ त्यांना शेवटपर्यंत कळला नाही. पण माझा खांदा आखडला की मला कळायच्या आधी त्यांना कळायचं. रबरी चेंडू दाबायला लावायच्या, मध्येच गच्चीवर नेऊन दूरच्या डोंगराकडे बघत राहायला सांगायच्या. मी चिडून खेळायला लागले की सरळ पडदा बंद करायच्या. "रागानं खेळणाऱ्याची चाल समोरच्याले आधीच दिसते," असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते या खेळातही खरं होतं. मामाकडे जे चित्र थिजायचं ते इथे एकदाही थिजलं नाही. एकेक फेरी जिंकत मी पुढे गेले. शेवटच्या फेऱ्या नागपूरला होत्या, मोठ्या सभागृहात.

तिथे निवेदकाने माझ्या गावाचं नाव 'मोटाला' असं घेतलं. प्रेक्षकांतून शिट्टी वाजली. "मोताळा! तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा!" निवेदकाने मुकाट्याने नाव पुन्हा घेतलं, नीट घेतलं.

मी शेवटच्या चौघांत पोचले आणि तिथे पुण्याच्या एका इंजिनियरिंगच्या मुलाकडून हरले. मॅडम आधी त्या मुलाकडे गेल्या, हात मिळवला आणि विचारलं, "बेटा, तुह्या कॉम्प्युटरले एसएमपीएस कोणता हाये?" मग माझ्याकडे आल्या. मला रडू आवरत नव्हतं.

"हरली. आता कशी हरली ते सांग."

परतीच्या गाडीत मलकापूर येईपर्यंत मी सांगत होते आणि त्या ऐकत होत्या. उतरताना म्हणाल्या, "चौघांत आली. राज्यात. आईले पहिले हे सांगजो, हरल्याचं मंग."

आज मी पुण्यात गेम तयार करणाऱ्या एका कंपनीत काम करते. बाजारात येण्याआधी गेम खेळून त्यातल्या चुका शोधणं, हे माझं काम. मॅडम निवृत्त होऊन सोनाळ्याला भावाच्या शेजारी राहतात. तिथल्या पोरापोरींना कॉम्प्युटर घ्यायचा असला की ती मॅडमकडे जातात आणि मॅडम मला फोन लावतात. मी तो स्पीकरवर ठेवते. ऑफिसातल्या मैत्रिणी आधी मॅडमचं बोलणं ऐकून हसतात, आणि थोड्या वेळाने आपापलं काम थांबवून ऐकत बसतात.

पण मॅडम म्हटलं की मला आधी आठवतो तो नागपूरनंतरचा आमच्या शाळेचा क्रीडा महोत्सव. सुरुवातीला खेळाडूंचं संचलन असायचं. मुख्याध्यापक मोठ्या मनाने म्हणाले, "हिला मंचावर बसवू. पाहुण्यांच्या शेजारी."

"खेळाडू मंचावर बसत नसतो, सर," मॅडम छापील मराठीत म्हणाल्या, आणि त्यांनी शाळेचा ध्वज माझ्या हातात दिला. सगळ्यांत पुढे.

मी तो परत त्यांच्यापुढे धरला. "मॅडम, माझ्यामुळे सगळ्यांची पावलं चुकतील."

"कशी चुकतीन? पुढच्याच्या पावलावर मागच्यानं चालायचं असते. पुढं तू हायेस."

त्यांनी बँडच्या पोराच्या गळ्यातला ढोल काढून स्वतःच्या गळ्यात अडकवला आणि माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. मी उजवा पाय टाकला, त्यांनी ढोलावर जोरात टोला दिला. डावा पाय थोडा उशिरा, हलका पडला, तसाच उशिरा, हलका टोला पडला. एक जड, एक हलका. माझ्या मागे खो-खोच्या पोरी, कबड्डीची पोरं, धावपटू, सगळी शाळा त्या तालावर पाऊल टाकायला लागली, आणि एकाचंही पाऊल चुकलं नाही. कडेच्या गर्दीत आई उभी होती. ती रडत नव्हती. मान ताठ करून शेजारच्या बायांना बोट दाखवून काहीतरी सांगत होती.

मैदानाची फेरी पूर्ण झाली. मुख्याध्यापक सलामी घ्यायला पुढे आले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि ढोल काही थांबवला नाही. म्हणून आम्ही आणखी एक फेरी मारली.